‘यूज्ड टू’चा तास मराठीतून घ्या

मराठी माध्यमाच्या शाळेतल्या इंग्रजीच्या वहीत, गाइडमध्ये, स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये वाटलेल्या झेरॉक्स नोट्समध्ये ‘यूज्ड टू’पुढे बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: सवय असणे. एवढ्या शिदोरीवर मूल पुढे जातं आणि बोलायची वेळ आली की म्हणतं, ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट सिक्स.’ त्याला सांगायचं असतं, मी रोज सहाला उठतो. ऐकणाऱ्याला मात्र कळतं, हा पूर्वी सहाला उठायचा, आता उठत नाही. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष, उच्चार ठीक, आणि अर्थ नेमका उलटा.

भारतीय इंग्रजीतल्या बाकीच्या लकबींशी या चुकीची तुलना करू नये. ‘मीटिंग प्रीपोन करा’ किंवा ‘युवर गुड नेम?’ यांवर हसणारे हसोत; त्यातून कुणाचं नुकसान होत नाही, कारण काय म्हणायचंय ते समोरच्याला समजतं किंवा निदान तो थबकून विचारतो. ‘यूज्ड टू’ चुकलं तर तो थबकतही नाही, कारण त्याच्या कानावर चुकीचं असं काही पडलेलंच नसतं. मुलाखतीत उमेदवार सांगतो, ‘आय यूज्ड टू वर्क ऑन जावा’. समोरचा नोंद करतो की आता याच्या हातात जावाचं काम नाही. मुलाकडे परदेशी गेलेल्या आजोबांना तिथला डॉक्टर औषधांबद्दल विचारतो आणि ते म्हणतात, ‘आय यूज्ड टू टेक बीपी टॅब्लेट’. डॉक्टरच्या लेखी गोळी बंद झालेली आहे. ‘माय फादर यूज्ड टू डू फार्मिंग’ ऐकणाऱ्याने वडिलांनी शेती सोडली असं धरलं, किंवा ते हयात नाहीत असं धरलं, तर दोष त्याचा नाही.

मग हे नीट शिकवायचं कसं? आमचं म्हणणं सरळ आहे. ‘यूज्ड टू’ समजून घ्यायला लागणारं सगळं ज्ञान मराठी मुलाकडे आधीपासून आहे आणि ते शेजारच्याच तासाला, मराठीच्या तासाला, नावानिशी शिकवलंही जातं. इंग्रजीच्या तासाला मराठीला दाराबाहेर ठेवण्याच्या हट्टामुळे ते वाया जातं. तो हट्ट सोडावा.

मराठी व्याकरणात काळ शिकवताना रीतिकाळ येतो. ‘मी लिहीत असतो’ हा रीतिवर्तमानकाळ, ‘मी लिहीत असे’ हा रीतिभूतकाळ. बोलताना ‘लिहीत असे’च्या जागी आपण ‘लिहायचो’ म्हणतो. जुन्या लेखनात ‘तो रोज येई, ओसरीवर बसे’ अशी रूपं भेटतात, तीही याच घरातली. बोलीबोलींत रूप बदलतं, पण ‘पूर्वी नेहमी घडायचं’ हे सांगायची सोय प्रत्येकीत असतेच. इंग्रजीतलं ‘यूज्ड टू’ म्हणजे हाच रीतिभूतकाळ. ‘आम्ही नदीवर पोहायला जायचो’ म्हणजे ‘वी यूज्ड टू स्विम इन द रिव्हर’. ‘इथे विहीर असायची’, ‘इथे पूर्वी विहीर होती’ म्हणजे ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’. सहावीतलं मूल ‘जायचो’ आणि ‘जातो’ यांत कधी गोंधळत नाही. तो भेद त्याला शिकवावा लागलेला नाही. फक्त ‘यूज्ड टू’पुढे ‘सवय असणे’ऐवजी ‘-यचो, -यचा, -यची’ असं लिहून द्यायला हवं होतं.

गंमत अशी की एमपीएससीच्या संयुक्त परीक्षांत मराठी आणि इंग्रजी या विषयांचे प्रश्न एकाच पेपरात असतात. तिथला विद्यार्थी रीतिभूतकाळाचं उदाहरण घोकतो आणि तासाभराने ‘यूज्ड टू’चे नियम वेगळे घोकतो. दोन्ही एकच गोष्ट आहेत हे त्याला कुणी सांगत नाही, कारण शिकवणारे दोन, नोट्स दोन, क्लासची फीही बहुधा दोन.

‘सवय’ या शब्दाने घोटाळा का होतो, ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. मराठीत ‘मला सवय आहे’ हे वाक्य दोन कामं करतं. ‘मला उन्हाची सवय आहे’ म्हणजे ऊन मला बाधत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. ‘मला नखं खायची सवय आहे’ म्हणजे मी नखं खातो, नेहमी खातो. पहिल्या अर्थाला इंग्रजीत ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’ आहे. दुसऱ्याला ते चालत नाही. तिथे ‘आय बाइट माय नेल्स’ किंवा ‘आय हॅव अ हॅबिट ऑफ बायटिंग माय नेल्स’ म्हणावं लागतं. आणि नखं खाणं सुटलं असेल तरच ‘आय यूज्ड टू बाइट माय नेल्स’. म्हणजे ‘सवय’ हे एकच उत्तर तीन वेगळ्या कुलपांना लावायला दिलेलं आहे. त्यातही, सध्या नेमाने करतो ते सांगायला इंग्रजीत काहीच विशेष लागत नाही. साधा वर्तमानकाळ पुरतो, फार तर ‘यूज्वली’ किंवा ‘एव्हरी डे’ जोडायचं.

पण साधा वर्तमानकाळ मराठी कानाला अपुरा वाटतो, हेही खरं. ‘मी संध्याकाळी फिरायला जात असतो’ यातल्या ‘असतो’साठी इंग्रजीत काहीतरी हवं, असं वाटत राहतं. मग कुणी ‘आय ॲम गोइंग एव्हरी डे’ म्हणतो आणि कुणी ‘आय यूज्ड टू गो’. त्या ‘असतो’ला इंग्रजीत वेगळा शब्द नाही, ‘आय गो’मध्ये तो धरलेलाच आहे, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं मराठीत बोलल्याशिवाय सांगता येत नाहीत. रीतिवर्तमानकाळासाठी पूर्वी इंग्रजीतही ‘यूज’चं वर्तमानकाळी रूप वापरलं जायचं, पुढे ते लोपलं आणि भूतकाळी रूप तेवढं उरलं. आपली मुलं नकळत त्या लोपलेल्या रूपाची उणीव भरून काढत असतात. चुकीत तर्क आहे, म्हणूनच ती नुसतं ‘राँग’ म्हणून जात नाही.

उलट दिशेनेही एक खड्डा आहे. ‘आम्ही पूर्वी नाशिकला राहत होतो’ या वाक्यातला ‘राहत होतो’ दिसायला अपूर्ण भूतकाळ आहे, अर्थाने रीतिभूतकाळ. विद्यार्थी रूप पाहून ‘वी वेअर लिव्हिंग इन नाशिक’ लिहितो. इथे हवं ‘वी यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’. ‘फोन आला तेव्हा मी जेवत होतो’ या वाक्यात मात्र ‘वॉज ईटिंग’च बरोबर. ‘होतो’ एक, अर्थ दोन. पारख साधी: ‘राहत होतो’च्या जागी ‘राहायचो’ घालून पाहायचं. वाक्य मोडलं नाही तर ‘यूज्ड टू’. ‘फोन आला तेव्हा मी जेवायचो’ म्हणताच कान नाही म्हणतो, आणि उत्तर मिळतं. ही पारख इंग्रजीतून समजावता येत नाही. ती लावायला लागणारा कान मराठी आहे.

या कानालाही मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. काळाची लांबी किंवा किती वेळा ते सांगितलं असेल तर इंग्रजीत ‘यूज्ड टू’ बसत नाही. ‘मी पाच वर्षं पुण्यात राहिलो’ हे ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ चूक. ‘तीनदा गोव्याला गेलो’ यालाही साधा भूतकाळ. मात्र ‘दर मे महिन्यात जायचो’ किंवा ‘वर्षातून तीनदा जायचो’ चालतं, कारण ती एकूण मोजणी नाही, तो नेम आहे. गोष्ट सांगताना पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टू’ आणि पुढे ‘वुड’ येतं. फक्त ‘असणं, राहणं, आवडणं’ अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना ‘वुड’ लावायचं नाही. ‘पूर्वी इथे विहीर असायची’ला ‘देअर वुड बी अ वेल’ म्हणता येत नाही. आणि ‘यूज्ड टू’ने ‘आता नाही’ असं सुचतं खरं, पण ते पक्कं बांधलेलं नसतं. अजूनही चालू असेल तर ‘अँड आय स्टिल डू’ असं जोडून सांगता येतं. न जोडता सोडलं की ऐकणारा बंद झालं असंच समजतो.

आता ‘आय ॲम यूज्ड टू’कडे. इथला ‘टू’ वेगळ्या जातीचा आहे. ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’मध्ये ‘टू’नंतर क्रियापद मूळ रूपात येतं. ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग ॲट नाइट’मध्ये ‘टू’ हे शब्दयोगी अव्ययासारखं काम करतं, म्हणून पुढे नाम किंवा ‘-इंग’ लावलेलं रूप. मराठीत ‘रात्री गाडी चालवण्याची सवय’ म्हणताना आपणही ‘चालवणे’चं नाम करूनच पुढे प्रत्यय लावतो. तोच खांब दोन्हीकडे आहे. सवय अजून व्हायची असेल तर ‘गेट’: ‘यू विल गेट यूज्ड टू इट’, होईल सवय. तिसरं रूप ‘अ नाइफ इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स’, म्हणजे सुरी भाजी चिरायला वापरतात. याचा सवयीशी काही संबंध नाही. कागदावर तिन्ही सारखी, कानाला नाहीत. वापरण्याच्या अर्थी उच्चार ‘यूझ्ड’ असा घोष, म्हणजे कंठात कंप होणारा, असतो. नेमाच्या आणि सवयीच्या अर्थी तो ‘यूस्ट’ होतो आणि पुढचा ‘टू’ त्यात मिसळून ‘यूस्टु’ ऐकू येतं. आपल्याकडचे बहुतेक शिक्षक सगळीकडे ‘यूज्ड’ म्हणतात, त्यामुळे ऐकून भेद कळायची वाटही बंद होते.

प्रश्न आणि नकार करताना ‘डिड’ येतो आणि ‘डी’ गळतो: ‘डिड यू यूज टू लिव्ह हिअर?’, ‘आय डिडन्ट यूज टू लाइक इट’. ‘नेव्हर’सोबत ‘डिड’ नसतो, म्हणून ‘आय नेव्हर यूज्ड टू लाइक इट’मध्ये ‘डी’ राहतो. हा नियम माहीत हवा, पण या ‘डी’साठी अर्धा गुण कापणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर नाही. बोलताना दोन्ही एकसारखेच ऐकू येतात आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही लिहिताना इथे घसरतात. अर्थ फिरवणारी चूक गुण न कापता सोडायची आणि न ऐकू येणाऱ्या अक्षरावर लाल रेघ मारायची, ही तपासणी उफराटी आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मराठी माध्यमातून दहावी होणारं मूल दहा वर्षं ही भाषा शिकतं, आणि तरी रोजचा दिनक्रम सांगताना अडखळतं. यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, इंग्रजी माध्यमात घाला. दोन, निदान इंग्रजीचा तास तरी पूर्ण इंग्रजीतून घ्या. दुसऱ्या उत्तरामागे मोठी परंपरा आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रत्यक्ष पद्धत, म्हणजे शिकायची भाषा त्याच भाषेतून शिकवणं, आली, आपल्याकडे 1950 नंतर वाक्यरचनांच्या साच्यांवर भर देणारी पद्धत आली, आणि दोघींनी भाषांतराला वर्गाबाहेर काढलं. काढण्याला कारण होतं. भाषांतर पाठमाला गिरवून पिढ्या इंग्रजी वाचायला-लिहायला शिकल्या, पण त्या पद्धतीत बोलणं मागे पडलं. ती भीती आजही खोटी नाही. मराठी वाक्य शब्दाशब्दाने उलथवत बसलं तर ‘माझं डोकं खाऊ नकोस’चं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण मराठीचे वर्गात दोन उपयोग आहेत आणि ते वेगळे ठेवता येतात. एक, वाक्य भाषांतरित करून घेणं. दुसरा, अर्थाची जागा दाखवून देणं: तुझ्या भाषेत हे ‘जायचो’ आहे, बस. पहिला उपयोग कमी करावा, दुसरा वाढवावा. इंग्रजीतून ‘पास्ट हॅबिट’ अशी व्याख्या सांगितली की मूल ‘हॅबिट’ शब्द पकडतं आणि मनातल्या मनात त्याचं ‘सवय’ करतं. भाषांतर थांबलेलं नसतंच. ते वहीवरून डोक्यात गेलेलं असतं, जिथे शिक्षकाला दिसत नाही आणि सुधारता येत नाही. युरोपीय परिषदेच्या भाषाशिक्षणाच्या आराखड्यातही एका भाषेतलं दुसरीत नेऊन पोचवण्याच्या कौशल्याला आता मोजण्याजोगी जागा आहे. आपणच अजून मराठी ऐकू आली की पर्यवेक्षक काय म्हणतील या धाकात आहोत.

तास कसा घ्यायचा, तेही सांगून टाकू, कारण ‘मराठीचा वापर करा’ एवढं सांगून शिक्षकाला मोकळं सोडलं की तो पुन्हा पूर्ण धडा मराठीत समजावून सांगतो. पस्तीस मिनिटांपैकी मराठीला सुरुवातीची सात-आठ मिनिटं पुरेत. फळ्यावर सहा मराठी वाक्यं: दोन ‘जातो’ची, दोन ‘जायचो’ची, एक ‘राहत होतो’चं, एक ‘पाच वर्षं राहिलो’चं. प्रत्येकापुढे मुलांनी एकच गोष्ट सांगायची: हे अजून चालू आहे का? ‘हो’ आलं तिथे साधा वर्तमानकाळ. ‘नाही’ आलं तिथे दुसरा प्रश्न: किती काळ किंवा किती वेळा ते सांगितलंय का? सांगितलं असेल तर साधा भूतकाळ, नसेल तर ‘यूज्ड टू’. त्यानंतर मराठी पुसून टाकायची आणि उरलेला वेळ फक्त इंग्रजीत: गावात पूर्वी काय होतं, आता काय आहे. एसटी स्टँड, बंद पडलेली टॉकीज, आटलेला ओढा, घरातला लँडलाइन. प्रत्येक मुलाने दोन वाक्यं जोडीने बोलायची, एक ‘यूज्ड टू’चं आणि एक ‘नाऊ’ने सुरू होणारं. जोडी महत्त्वाची आहे. ‘वी यूज्ड टू हॅव अ लँडलाइन’ एवढंच बोलून घेतलं तर मुलाला अर्थ कळला की नाही ते शिक्षकाला कळत नाही. ‘नाऊ वी हॅव मोबाइल फोन्स’ आलं की कळतं.

‘आय ॲम यूज्ड टू’ त्याच दिवशी शिकवू नये. आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. सारखी दिसणारी रूपं एका तासाला, तुलनेच्या तक्त्यात शिकवली की एकमेकांत गुंततात, आणि आपली बहुतेक पुस्तकं नेमकी तोच तक्ता देतात. दुसऱ्या खेपेला ‘सवय’ हा शब्द प्रथमच काढायचा आणि तोही ‘बाधत नाही, खटकत नाही’ या अर्थाने बांधून: उन्हाची, तिखटाची, लोकलच्या गर्दीची. ‘नखं खायची सवय’ मुद्दाम शेवटी.

मुंबईच्या पालिका शाळांत किंवा भिवंडी-मालेगावात वर्गात मराठी मातृभाषा नसलेली मुलं असतात, मग काय, असा प्रश्न रास्त आहे. हिंदी आणि उर्दूत ‘जाता था’, ‘जाया करता था’ आहे; तीच वाक्यं त्या भाषेत फळ्यावर लिहायची. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर मुलाकडूनच घ्यायची. इथे हट्ट मराठीचा नाही, मुलाकडे असलेल्या भाषेचा आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही हे लागू आहे, कारण घरी मराठी बोलणारी मुलं तिथेही ‘आय यूज्ड टू गो टू ट्यूशन’ म्हणताना ऐकू येतात. माध्यम बदलल्याने ही चूक जात नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे: भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र बोली आहे, तिच्यात ‘यूज्ड टू’ वर्तमानासाठी रुळत असेल तर रुळू द्या. बोलीचा हक्क आम्हाला मान्य आहे. सिंगापूर-मलेशियाकडच्या बोलीतही हे रूप वर्तमानातल्या नेमासाठी वापरलं जातं. पण बोली चालते ती दोन्ही बाजूंना तोच अर्थ माहीत असतो म्हणून. पुण्याच्या ऑफिसात दोन सहकारी आपसात काय बोलतात याला कुणाचा आक्षेप असायचं कारण नाही. इंग्रजी शिकायची ती बाहेरच्याशी बोलायला, असं सांगून पालक फी भरतात, आणि बाहेरच्याचा अर्थ दुसरा आहे. ज्याला दोन्ही अर्थ माहीत आहेत त्याने हवा तो वापरावा. आज शाळेतून बाहेर पडणाऱ्याला एकच माहीत असतो, तोही चुकीच्या बाजूचा.

शिक्षक हे सगळं करतील का, ते परीक्षेवर ठरेल. बारावीच्या सरावात ‘यूज्ड टू वापरून वाक्य पुन्हा लिहा’ या धाटणीचा प्रश्न नेहमीचा आहे. वाक्यात ‘वुड’ असतो, तो खोडून ‘यूज्ड टू’ लिहायचं, एक गुण. अर्थाला हात न लावता हा गुण मिळतो, त्यामुळे अर्थ शिकवायला कुणाला फुरसत नाही. त्याऐवजी चार ओळींचा संवाद द्यावा, त्यात एकीने ‘आय यूज्ड टू टीच ॲट अ स्कूल इन सातारा’ आणि दुसरीने ‘आय ॲम यूज्ड टू टीचिंग लार्ज क्लासेस’ म्हटलेलं असावं, आणि विचारावं: साताऱ्याच्या शाळेतली नोकरी आता कुणी सोडली आहे, आणि मोठ्या वर्गाचं दडपण कुणाला येत नाही? उत्तर मराठीत लिहिलं तरी पूर्ण गुण द्यावेत. मंडळाला यासाठी नवं पुस्तक छापावं लागत नाही, फक्त प्रश्नपत्रिकेतली एक ओळ बदलावी लागते.